रात्रीत बसणारी गाडी

पहाटेचे साडेपाच वाजले होते. तुर्भ्याच्या बाजूने एपीएमसी मार्केटात शिरणारी ट्रकची रांग अजून संपली नव्हती. दाणा बाजाराच्या कंपाउंडला लागून एक काळी मर्सिडीज एस-क्लास उभी होती. मागून पाहिली तर ऐटदार, समोरून पाहिली तर लंगडी. पुढची उजवी बाजू इतकी खाली आली होती की मडगार्डची कड टायरला टेकली होती आणि मध्ये बोटही शिरत नव्हतं. शेजारीच तूरडाळीच्या गोण्या घेऊन आलेला दहाचाकी ट्रक उभा होता. ओझ्याने त्याचे पाटे सरळ झाले होते, पण ट्रक चारी बाजूंनी सारखा उभा होता.

गाडीचे मालक असलेल्या शेठनी मिस्त्रीला तिथेच बोलावून घेतलं होतं. मिस्त्रीने टॉर्च मारली, गुडघ्यावर बसून चाकाच्या आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “शेठ, कधीपासून बसतेय?”

“आजच बसली.”

मिस्त्री काही बोलला नाही. हातातल्या कपड्याने टॉर्चची काच पुसत राहिला. थोड्या वेळाने शेठच म्हणाले, “पूर्ण अशी आजच बसली. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी जरा खाली दिसायची. पण स्टार्ट केली की उठायची. मिनिटभरात उठायची, म्हणून मी काही लक्ष दिलं नाही.”

पाऊस सुरू होऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. पुढे जे बिल झालं त्यातला निम्म्याहून जास्त आकडा या सात आठवड्यांचा होता.

या मिस्त्रीचं आयुष्य बाजाराच्या वयाबरोबरच पुढे सरकलं आहे. वडील साताऱ्याकडचे, माथाडी. १९९६ साली भाजी आणि फळांचा घाऊक व्यापार भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला आला, तेव्हा वडिलांची टोळीही इकडे आली. मुलगा दहावीनंतर कमानीच्या दुकानात चिकटला. ट्रकवाल्यांच्या भाषेत कमान म्हणजे पाट्यांचा जुडगा: एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधून सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंनी यू-बोल्ट. पाटा तुटला की ट्रक एका अंगाला कलतो, आणि तुटलेला पाटा लांबूनही दिसतो. बदलायला घण, पाना, जॅक आणि दोन माणसांचं बळ लागतं. वडील पाठीवर जे ओझं वाहत होते तेच ओझं पुढे या पाट्यांवर जायचं. पाट्याचा बाक बघून गाडीत किती माल आहे याचा अंदाज बांधायला मिस्त्री तिथेच शिकला. आजही तो कुठल्याही गाडीकडे आधी लांबून, उभा राहून बघतो. बॉनेट नंतर.

हवेशी त्याची गाठ बसमुळे पडली. २००१ साली व्होल्वोची बी-७-आर बस भारतात आली आणि मुंबई-पुण्याच्या लक्झरी बसधंद्याची चालच बदलली. कमानीच्या जागी रबराचे बलून होते. बसमालकांच्या वर्कशॉपमध्ये बलूनचं काम येणारी माणसं कमी होती, आणि हा तरुण शिकायला तयार होता. पाच-सहा वर्षं त्याने बसचे बलून बदलले. बसच्या हवेचं एक वैशिष्ट्य त्याच्या मनात पक्कं बसलं. बसचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, ब्रेकसाठीही तीच हवा लागते, त्यामुळे टाक्या मोठ्या आणि हवा मुबलक. एखादा बलून थोडा गळत असला तरी बस दिवसभर धावते, कारण मागून पुरवठा चालूच असतो. रात्री डेपोत बसते, सकाळी पुन्हा उठते.

पुढे सेकंडहँड मर्सिडीज, ऑडी, रेंज रोव्हर त्याच्या हाताखाली येऊ लागल्या, तेव्हा बसचा हा हिशेब त्याला महागात पडला. कारमधला कॉम्प्रेसर विजेवर चालतो. मुठीएवढ्या मोटरचा, थोडा वेळ चालून गप्प बसण्यासाठी बनवलेला. तो सतत चालला तर तापतो. तापला की कंट्रोल युनिट त्याला काही वेळ बंद ठेवतं, थंड झाला की पुन्हा लावतं. गळती लहान असेल तर हा खेळ आठवडेच्या आठवडे चालतो. मालकाला फक्त एवढंच दिसतं, की गाडी उठतेय. आतमध्ये पिस्टनची रिंग झिजत असते.

बाजारातल्या लोकांना ही रचना समजावताना मिस्त्री टायरपासून सुरुवात करतो. टायरमध्ये हवा असते तशीच शॉकच्या भोवती एका रबरी बाहीत हवा भरलेली असते, फक्त दाब टायरच्या तिपटीहून जास्त. दोन टनांच्या आसपास वजनाची गाडी अशा चार बाह्यांवर तोललेली असते. रबराच्या आत नायलॉनच्या धाग्यांचं विणकाम असतं. चाक वर-खाली होतं तशी बाही स्वतःवरच घडी घालत गुंडाळली जाते आणि उलगडते. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो, तो कंट्रोल युनिटला सांगतो. युनिट व्हॉल्व्ह ब्लॉकला हुकूम देतं आणि त्या-त्या कोपऱ्यात हवा जाते किंवा निघते. पाच माणसं बसली काय, डिकीत सामान भरलं काय, गाडी एकाच उंचीवर. यातलं सुख खरं आहे, आणि मिस्त्री ते कधी नाकारत नाही. सायन-पनवेल हायवेवरून चांगल्या हवेच्या गाडीत एकदा बसलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

रबर फाटतं ते त्या घडीवरच. वर्षानुवर्षं तीच रेघ दुमडते, सुकते आणि केसाएवढ्या भेगा पडतात. त्यात आपली हवा. नवी मुंबईचा पावसाळा दमट असतो, आणि कॉम्प्रेसर हीच हवा आत ओढतो. ओल शोषून घ्यायला त्याच्यासोबत सिलिका जेलचा ड्रायर असतो, पण त्याचीही शोषण्याची हद्द असते. शेठच्या एस-क्लासच्या पिढीत कॉम्प्रेसर पुढच्या उजव्या चाकाजवळ, प्लास्टिकच्या अस्तरामागे बसवलेला आहे. बाजारातले पावसाळी रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना त्या चाकाखाली काय उडत असेल ते ठाऊक आहे: चिखल, कांद्याची सालं, सडक्या पाल्याचं पाणी.

शेठची गाडी २०१० च्या आसपासची होती, नवी असताना कोटीच्या घरातली. शेठनी ती एप्रिलमध्ये, हापूसचा हंगाम चांगला चालू असताना, बारा लाखांत घेतली होती. बारा लाखांत आज एक मध्यम एसयूव्हीसुद्धा टॉप मॉडेलमध्ये मिळत नाही. विकणाऱ्याने गाडी पॉलिश करून, एसी लावून, इंजिन चालू ठेवून दाखवली होती. शेठ दुपारी बघायला गेले, दुपारीच चक्कर मारली आणि दुपारीच टोकन दिलं. तिला रात्रभर उभी राहिलेली कुणी पाहिलीच नव्हती.

गाडी मिस्त्रीच्या गाळ्यावर जायच्या आधी शेठनी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फोनवर विचारणा केली होती. तिथून अंदाजपत्रक आलं: चारही एअर स्ट्रट (म्हणजे शॉक आणि त्याभोवतीची रबरी बाही), कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक, सगळं ओरिजिनल, मिळून साडेसहा लाख. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. शेठचा चेहरा त्या सकाळी पडलेला होता तो या आकड्यामुळे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण जुनी महागडी गाडी घेणाऱ्या प्रत्येक घरात ती एकदा तरी रात्रीची झोप उडवते. गाडीचं मूल्य दरवर्षी उतरतं. विम्याच्या तक्त्यातही पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के घसारा धरतात, आणि सेकंडहँड बाजारात तर मोठ्या गाड्या त्याहून वेगाने खाली येतात. पण स्ट्रटची किंमत नव्या गाडीच्याच पातळीवर राहते. गाडी चाकणच्या कारखान्यात जुळलेली असली तरी असे भाग बहुतेक परदेशातूनच येतात. वर सीमाशुल्क, वर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याने थोडा दिलासा मिळाला, तरी पुढचा एक ओरिजिनल स्ट्रट लाखाच्या पुढेच जातो. बाहेरच्या कंपन्यांचा तोच भाग साधारण तीस ते साठ हजारांत मिळतो, रबर बदलून दुरुस्त केलेला त्याहूनही कमी. विम्याकडे बोट दाखवावं तर झीज विम्यात बसत नाही. अपघातात फाटला तरी साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात. बारा लाखांची गाडी घेणारा माणूस कोटीच्या गाडीची देखभाल अंगावर घेत असतो. विकणाऱ्याने हे सांगायला हवं. बहुतेक वेळा सांगत नाही.

मिस्त्रीने त्या सकाळी सगळ्यात आधी शेठना गाडी स्टार्ट करू दिली नाही. “मेलेल्या कॉम्प्रेसरला आणखी मारू नका,” एवढंच म्हणाला. गाडी फ्लॅटबेडवर घालून गाळ्यावर आणली. तिथे बाहेरून, हातपंपासारख्या एका साधनाने त्याने त्या कोपऱ्यात हवा भरली, आणि साबणाचं पाणी ब्रशने घडीवर लावलं. फेस आला. बारीक, सलग, तांदळाच्या दाण्यांसारख्या बुडबुड्यांची एक ओळ. शेठना त्याने वाकून पाहायला लावलं. स्कॅनरवर तोपर्यंत फक्त कॉम्प्रेसरचा दोष येत होता, फाटलेल्या रबराचं नाव कुठेही नव्हतं. स्कॅनरला दाब वाढत नाही एवढंच कळतं. हवा कुठून जाते ते शोधायला पाणी, साबण आणि वेळ लागतो. मिस्त्रीचं म्हणणं आहे की या कामात अर्धे पैसे वेळेचे असतात, आणि हा वेळ द्यायचा नसतो म्हणूनच चारही स्ट्रट बदलायचं अंदाजपत्रक निघतं.

उरलेले तीन कोपरे त्याने तपासले. तिन्ही सुके. पुढच्या डाव्या रबरावर वयाच्या भेगा होत्या, पण गळती नव्हती. त्याने तो बदलला नाही. “हा अजून वर्ष जाईल, दोन जाईल, मला सांगता येणार नाही. पैसे बाजूला काढून ठेवा.” कॉम्प्रेसर मात्र संपला होता. ड्रायरमधल्या सिलिकाची भुकटी होऊन ती व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरली होती, त्यामुळे तोही गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी आली असती तर एक स्ट्रट आणि मजुरी मिळून पंचावन्न हजारांत काम झालं असतं. आता कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक, रिले आणि नळ्यांची सफाई धरून एक लाख अठरा हजार झाले. मिस्त्रीने दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहून दिले. शेठनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला.

त्या यादीतला रिले बघायला सगळ्यात किरकोळ. कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा आगपेटीएवढा डबा, किंमत बाकीच्या भागांच्या मानाने नगण्य. पण या मिस्त्रीच्या गाळ्यात रिले न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवला जात नाही, आणि त्यामागे त्याची स्वतःची एक चूक आहे. कारच्या कामात नवा असताना त्याने एका डॉक्टरांच्या गाडीला नवा कॉम्प्रेसर बसवला आणि रिले जुनाच ठेवला. जुना कॉम्प्रेसर तासन् तास चालल्याने त्या रिलेचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटण्याच्या बेतात होते. तीन आठवड्यांनी ते खरोखर चिकटले. गाडी बंद होती, मालक घरी झोपले होते, आणि खाली पार्किंगमध्ये कॉम्प्रेसर रात्रभर चालत राहिला. सकाळी बॅटरी मेलेली, कॉम्प्रेसर जळालेला. डॉक्टरांनी फोनवर आवाज चढवला नाही, ते फक्त म्हणाले, “मी तुमच्यावर सोडलं होतं.” दुसरा कॉम्प्रेसर मिस्त्रीने स्वतःच्या खिशातून घातला. त्यासाठी पत्नीच्या बचतगटातून कर्ज काढलं. ते वाक्य तो आजही जसंच्या तसं सांगतो, आणि गाळ्यावर शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात ऐकवतो.

पोरांना तो आणखी एक गोष्ट कटाक्षाने शिकवतो. नवा स्ट्रट बसवला की आधी हवा, मग वजन. रिकाम्या रबरावर गाडी खाली सोडली तर घडी वेडीवाकडी पडते, आणि नवा भाग पहिल्याच दिवशी जायबंदी होतो. तसंच जॅक. गाडी उचलण्याआधी सस्पेंशन जॅक मोडमध्ये टाकायचं, नाहीतर तो कोपरा जास्तच उंच झालाय असं समजून यंत्रणा त्या कोपऱ्यातली हवा सोडायला लागते. रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्याला हे माहीत नसतं. त्याला दोष देता येत नाही, सांगायचं काम मालकाचं.

सगळ्याच गोष्टी महागड्या नसतात, आणि हेही सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच घाबरतात. मसाला मार्केटातल्या एका व्यापाऱ्याची रेंज रोव्हर रातोरात चारही बाजूंनी बसली होती. चारही फुगे एकदम फाटत नाहीत, त्यामुळे मिस्त्रीने स्ट्रटकडे पाहिलंच नाही. हवेच्या नळ्यांना कान लावला तर बारीक शिट्टी ऐकू आली. बोटाच्या निम्म्या जाडीची नायलॉनची नळी उंदराने कुरतडली होती. ज्या बाजारात धान्य, मसाला आणि फळं सगळीकडे पसरलेली आहेत तिथे उंदीर गाड्यांतही शिरणारच. कुरतडलेला तुकडा कापला, जोड घातला, साबण लावून पाहिला. अडीच हजार रुपये. तोवर त्या व्यापाऱ्याला कुणीतरी तीन लाखांचा अंदाज देऊन ठेवलेला होता.

या आजाराचा इतिहास मिस्त्रीच्या गाळ्याहून खूप जुना आहे. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकने एल्डोरॅडो ब्रोहॅम नावाची अतिमहागडी गाडी काढली, चारही चाकांवर हवेचं सस्पेंशन असलेली. गळत्या इतक्या झाल्या की अनेक मालकांनी हवा काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. जवळपास सत्तर वर्षांनी तुर्भ्यातही लोक हाच प्रश्न घेऊन येतात: “काढून टाका ना हवा, स्प्रिंग घाला.” बाजारात तशा किट मिळतात, खर्चही कमी येतो. मिस्त्री सहसा नको म्हणतो. स्प्रिंग घातली की डॅशबोर्डवरची सूचना दाबायला वेगळं मॉड्यूल लागतं, गाडीचा तोल बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफारांना हरकत घेतं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी काय विचारेल याची जबाबदारी तो घेऊ इच्छित नाही. ज्याला हवेचा खर्च झेपणार नाही त्याने मुळातच हवेची गाडी घेऊ नये, असं तो गिऱ्हाईकाला तोंडावर सांगतो, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं गमावतोही.

दुरुस्त केलेल्या स्ट्रटबद्दल त्याचं मत असंच स्पष्ट आहे. रबर नवं घालता येतं, ते टिकतंही. पण आतला डॅम्पर, म्हणजे शॉक, जुनाच राहतो. ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर आपल्या रस्त्यांवर आपटलेल्या डॅम्परवर नवं रबर चढवलं तर गाडी उभी राहते, चालताना मात्र डुलते. म्हणून तो आधी डॅम्पर कोरडा आहे का, तेल पाझरतंय का, ते पाहतो. कोरडा असेल तर रबर बदलून देतो, ओला असेल तर हात लावत नाही.

आता लोक गाडी घेण्याआधीच त्याला बोलावतात. यातलं सगळ्यात जास्त समाधान त्याला इथेच मिळतं, कारण या कामात माणूस कर्जात पडायच्या आधी भेटतो. त्याची पद्धत साधी आहे. विकणाऱ्याला सांगायचं की गाडी संध्याकाळी उभी करा आणि सकाळपर्यंत किल्ली लावू नका. विकणारा तयार झाला नाही तर व्यवहार तिथेच थांबवायचा.

जानेवारीत जुन्नरकडचा एक तरुण व्यापारी आला होता. वडिलांच्या कांद्याच्या पेढीवर नुकताच बसलेला. त्याला ऑडी क्यू-७ हवी होती, अठरा लाखांत ठरत होती. मिस्त्रीने रात्री नऊला टेप लावली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपरे, आणि आकडे खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिले. पहाटे साडेपाचला दोघं परत आले. कांदा-बटाटा मार्केटात तेव्हा गोण्या उतरत होत्या, माथाड्यांच्या हाळ्या चालू होत्या. तरुण टॉर्च धरून उभा, मिस्त्री पुन्हा टेप लावत होता. पुढचे दोन्ही कोपरे रात्रीइतकेच. मागचा उजवा दोन मिलिमीटरने कमी, ते चालतं. मागचा डावा मोजला, पुन्हा मोजला आणि पुठ्ठ्यावर रात्रीच्या आकड्याशेजारी लिहिला. एकवीस मिलिमीटरचा फरक होता.

“घेऊ नको म्हणत नाही,” मिस्त्री म्हणाला. “पण मागच्या डाव्याचे पंचेचाळीस हजार किमतीतून कमी करून माग. आणि नाही म्हणाले तर चहा पी आणि घरी जा.”

तरुणाने पुठ्ठ्याचा फोटो काढला आणि विकणाऱ्याला फोन लावला.